एक तृतीयांश मिलिमीटर

माझा भाचा अमेरिकेत, आयडाहोत असतो. दिवाळीला ठाण्यात आला की पहिले दोन दिवस चकली-चिवड्यात जातात आणि तिसऱ्या दिवशी आमचं भांडण सुरू होतं. भांडण कशावरून चाललंय हे घरात तिसऱ्या कुणाला कळत नाही. माझी बहीण नुसती वैतागते. "सणासुदीला काडतुसं कसली काढता रे? दुसरं काही सुचत नाही का तुम्हा मामा-भाच्यांना?"

यंदा त्यानेच सुरुवात केली. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाला, "मामा, हे बघ. टू-एटी ॲक्ली इम्प्रूव्ह्ड. फॅक्टरीचं काडतूस याच्या पासंगालाही पुरत नाही."

"किती फरक पडतो?" मी विचारलं.

"खूप."

मी वागळे इस्टेटमध्ये टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढली. तिथे 'खूप' हे माप नव्हतं. 'थोडंसं' हेही नव्हतं. ड्रॉइंगवर आकडा असायचा, आकड्यापुढे अधिक-उणे असायचं, आणि त्यात बसलं नाही तर तो भाग भंगारात जायचा. म्हणून मी कपाटातून जुना बटर पेपर काढला, पट्टी-पेन्सिल घेतली आणि म्हटलं, सांग मापं. फॅक्टरीचं मूळ टू-एटी आणि ॲक्ली नावाच्या कारागिराने त्यावरून सुधारलेलं, अशा दोन्ही काडतुसांची मापं त्याने इंटरनेटवरून वाचून दाखवली. मी दहापट मोठ्या आकारात दोन्ही पुंगळ्या काढल्या आणि एकावर एक ठेवून पंख्याखालच्या ट्यूबलाइटकडे धरल्या.

बूड तेच. लांबीत फारसा फरक नाही. मूळ काडतुसाचा खांदा, म्हणजे पुंगळी मानेकडे आवळत जाते तो भाग, साडेसतरा अंशांनी उतरता. सुधारलेल्याचा चाळीस अंशांचा, जवळजवळ पैलवानाचा. आणि खांद्यापाशी पुंगळीचा व्यास वाढलाय साधारण एक तृतीयांश मिलिमीटर.

"एवढ्यासाठी?" मी म्हणालो.

"एवढ्याचीच तर जादू आहे," तो म्हणाला. तिथून पुढे पाच दिवस.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. काडतूस म्हणजे चार गोष्टी: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी (तिला प्रायमर म्हणतात), पोटात दारू आणि तोंडात गोळी. कारखान्यात बनणाऱ्या काडतुसांची मापं आणि कमाल दाब ठरवून दिलेले असतात. अमेरिकेत हे काम १९२६ साली स्थापन झालेली सामी ही संस्था करते, युरोपात त्याच्याही आधीपासूनची, १९१४ ची सीआयपी. त्यामुळे कुठल्याही कंपनीचं काडतूस त्याच नावाच्या कुठल्याही रायफलीत बसतं आणि नळी फुटत नाही. भाचा ज्यावर फिदा आहे ते वाइल्डकॅट म्हणजे या संस्थांच्या वहीत नाव नसलेलं काडतूस. कुणीतरी प्रचलित पुंगळी घेतो, तिची मान आवळतो किंवा रुंदावतो, खांदा मागे-पुढे सरकवतो, पोट फुगवतो, आणि त्या मापाचा रीमर (भोक मापात कापायचं हत्यार) बनवून घेऊन रायफलीचं चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, त्याप्रमाणे कापून घेतो. शब्दाचा अर्थ रानमांजर. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत भरवसा नसलेल्या, आपल्याच नोटा छापणाऱ्या बँकांना वाइल्डकॅट बँका म्हणायचे. पुढे अनोळखी जमिनीत तेलासाठी मारलेल्या विहिरींनाही तेच नाव पडलं. थोडक्यात, वहीबाहेरचं, जोखमीचं, पण लागलं तर घबाड.

भारतात हा उद्योग जवळपास कुणी करत नाही. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, परवान्यावर बंदुकीचा बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, लिहिलेला असतो, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरला नाही. माझी स्वतःची नेमबाजी एनसीसीतल्या पॉइंट टू-टू रायफलपासून सुरू झाली आणि वरळीच्या रेंजवर रविवारी सकाळी संपायची. भाच्याने एकदा भेट म्हणून एक रिकामी पुंगळी आणतो म्हटलं होतं. मी फोनवरच ओरडलो. रिकामी का होईना, सामानात सापडली तर विमानतळावर खुलासे देत बसावं लागतं. त्यापेक्षा बटर पेपर बरा.

तर हिशोब. पुंगळीचं पोट फुगवलं की दारू जास्त मावते. जास्त दारू म्हणजे जास्त वेग, इथवर भाच्याचं बरोबर. पण किती जास्त? यात एक जुना ढोबळ नियम आहे: दाब तोच ठेवला तर पोटाची जागा जितके टक्के वाढेल त्याच्या साधारण चौथ्या हिश्शाने वेग वाढतो. ॲक्लीच्या सुधारणेने टू-एटीची जागा सहा-सात टक्क्यांनी वाढते. म्हणजे वेग पावणेदोन टक्के. मूळ काडतूस १४० ग्रेनची, म्हणजे नऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३००० फूट वेगाने सोडत असेल तर वाढ पन्नास फुटांची. मीटरमध्ये ९१४ चे ९३० झाले.

"पण लोक शंभर-दीडशे फूट वाढ सांगतात," भाचा म्हणाला.

सांगतात, आणि खोटंही सांगत नाहीत. फक्त उरलेले पन्नास-शंभर कुठून येतात ते सांगत नाहीत. रेमिंग्टनने टू-एटी १९५७ साली काढलं ते स्वतःच्या अर्धस्वयंचलित रायफलीतही चालावं म्हणून. त्यामुळे त्याचा कमाल दाब चौरस इंचाला ६०,००० पौंडांवर थांबवला. ॲक्लीचं रूप नंतर सामीच्या वहीत आलं तेव्हा त्याला ६५,००० मिळाले. म्हणजे वाढीचा बराचसा भाग खांद्याच्या कोनाचा नाही, दाबाचा आहे. शेजाऱ्याच्या पोराला जास्त मार्क मिळाले. चौकशी केली तर कळलं, पेपरही वेगळा होता.

वर नळीची लांबी. ढोबळमानाने नळी इंचभर वाढवली की वीस-तीस फूट वेग वाढतो. वाइल्डकॅट बनवणारा हौशी माणूस सव्वीस इंची नळी लावतो आणि तुलना करतो दुकानातल्या बावीस इंची रायफलीशी. याशिवाय एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या दोन नळ्यांमध्येही पन्नास फुटांचा फरक पडू शकतो. ही गोष्ट मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. एकाच डायमधून (साच्यातून) निघालेले दोन भाग कधी सारखे नसतात. ते सारखे आहेत असं आपण इन्स्पेक्शनच्या कागदावर लिहितो, एवढंच.

मी कागदाच्या कोपऱ्यात आणखी एक आकडा काढला. तीनशे मीटरवर गोळी पोचायला साधारण पाऊण सेकंदाचा निम्मा वेळ लागतो, तेवढ्यात ती गुरुत्वाकर्षणाने सत्तर सेंटिमीटरच्या आसपास खाली येते. वेग पावणेदोन टक्के वाढला तर हे खाली येणं दोन-अडीच सेंटिमीटरने कमी होतं. "तुझ्या त्या एल्क हरणाची छाती केवढी असते?" मी विचारलं. भाच्याने हाताने दाखवलं ते माप आमच्या फ्रिजच्या दाराएवढं होतं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, तू सगळी मजा घालवतोस."

त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, म्हणून त्याच्या बाजूचंही सांगायला हवं. सगळ्या पुंगळ्या सारख्या नसतात. जिच्या अंगाला मुळातच मोठा उतार आहे, जी बुडाकडून तोंडाकडे निमुळती होत गेलीय, तिला सरळ केलं की जागा भरघोस वाढते. पार्कर ओटो ॲक्ली (१९०३–१९८९) हा अमेरिकेतल्या युटा राज्यातला बंदूक कारागीर, ज्याच्या नावाने या सगळ्या 'इम्प्रूव्ह्ड' काडतुसांची घराणी चालतात. त्याची खुबी अशी की त्याच्या चेंबरमध्ये मूळ फॅक्टरीचं काडतूसही चालतं. ते उडवलं की पुंगळी फुगून चेंबरच्या आकाराची होऊन बाहेर येते. डाय नको, प्रेस नको. दुकानातलं काडतूस हेच कच्चं काम आणि रायफल हीच डाय. टूलरूमवाला म्हणून मी इथे टोपी काढतो. शिवाय अंग सरळ असल्याने पुंगळी चेंबरच्या भिंतीला घट्ट धरते आणि मागच्या बोल्टवरचा (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्यावरचा) धक्का कमी होतो. हे दाखवायला ॲक्लीने एका लिव्हर रायफलीचा कुलूप लावणारा भागच काढून टाकून बार काढला होता आणि पुंगळी जागची हलली नव्हती. असले प्रयोग करणारी माणसं आमच्याही टूलरूममध्ये होती. त्यातल्या एकाची दोन बोटं नाहीत.

ॲक्ली स्वतः हौसेला हसू शकणारा माणूस असावा. हत्तीसाठी बनवलेल्या पॉइंट थ्री-सेव्हन्टी-एट वेदरबी मॅग्नमची अवाढव्य पुंगळी घेऊन त्याने तिची मान पॉइंट टू-टूपर्यंत आवळली. हेतू सेकंदाला पाच हजार फूट गाठायचा. गाठले ४६०० च्या आसपास. नाव ठेवलं जर्मन भाषेची नक्कल करत, 'इअरगेस्प्लिटन लाउडनबूमर', म्हणजे कान फोडणारा मोठा बार. हंडाभर दारू शहाळ्याच्या स्ट्रॉमधून बाहेर काढायची, तेही एका सेकंदाच्या हजाराव्या भागात. नळीच्या घशाचं, म्हणजे चेंबरच्या लगेच पुढच्या भागाचं, काय होणार? ती जळते. वाइल्डकॅटच्या कौतुकात हा खर्च कुणी धरत नाही. थ्री-ओ-एट विंचेस्टरसारखं समंजस काडतूस नळीला हजारो बार देतं. सिक्स-पॉइंट-फाइव्ह टू-एटी-फोरसारखं भुकेलं काडतूस स्पर्धेच्या नेमाला हजार-दीड हजारांत नळी संपवतं. भाच्याची निशाण्याची रायफल नेमकी तीच. शिकारीची वेगळी.

पितळेविषयी थोडं जास्त बोलतो, कारण तो माझा प्रांत. पुंगळीचं पितळ म्हणजे सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. बाजारात त्याचं नावच कार्ट्रिज ब्रास. आमच्या टूलरूममध्ये काडतुसं कधी बनली नाहीत, पण याच पितळेच्या पत्र्यातून वाटीसारखे भाग ओढायच्या डाय आम्ही बनवायचो: पत्र्याची चकती, पंच, डाय, एक ओढ, मग भट्टी, मग दुसरी ओढ, मग पुन्हा भट्टी. प्रत्येक ओढीला पितळ कडक होतं. भट्टीत नरम केलं नाही तर पुढच्या ओढीला फाटतं. वाइल्डकॅट करणाराही तेच करतो. मान आवळली की ती कडक होते, आणि नरम केली नाही तर दोन-चार बारांत चिरते.

एका पावसाळ्यात आमचा अख्खा लॉट असाच चिरला. जूनमध्ये माल गोदामात ठेवला होता, तपासून, मापात, चकाचक. ऑगस्टमध्ये काढला तर निम्म्या वाट्यांना तोंडापासून खाली उभ्या भेगा. कुणी हात लावलेला नाही, वजन ठेवलेलं नाही. गिऱ्हाइकाने फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमचा एक म्हातारा फोरमन वास घेत गोदामाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला. भिंतीपलीकडे मुतारी होती. परत येऊन एवढंच म्हणाला, "सीझन क्रॅकिंग."

तेव्हा मला वाटलं, हा शब्द त्यानेच बनवला. पुढे वाचलं तेव्हा कळलं की ही गोष्ट आपल्याच देशातली आहे. ब्रिटिश लष्कराची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात, घोड्यांच्या तबेल्यांजवळ साठवलेली असायची आणि पुंगळ्या आपोआप चिरायच्या. पावसाळ्याच्या सीझनमध्ये व्हायचं म्हणून सीझन क्रॅकिंग. कारण १९२१ साली उलगडलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, आणि ओढलेल्या पितळेत आत कोंडून राहिलेला ताण. उपायही साधा, ओढून झालं की बेताच्या उष्णतेवर ताण काढून टाकायचा. आमच्या लॉटची शेवटची भट्टी घाईत गाळली होती. कुणी गाळली ते मला माहीत आहे. तो मीच होतो.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा खरा थक्क झाला. त्याच्या गॅरेजमध्ये पुंगळ्यांच्या माना नरम करायचं एक विजेचं यंत्र आहे. ते का आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं.

मग गाडी आपोआप हिंदुस्थानावर आली आणि तिथे माझं पारडं जड झालं. ज्या निमुळत्या, उतारदार पुंगळ्यांना ॲक्लीने 'सुधारलं', त्या तशा का होत्या? हॉलंड अँड हॉलंडने १९१२ साली काढलेलं थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह आणि १९२५ चं थ्री-हंड्रेड या दोन्हींची अंगं लांब, निमुळती. त्यांत कॉर्डाइट नावाची, शेवयांसारखी लांब दारू भरायची, हे एक कारण. दुसरं कारण ऊन. गरमीत दारू जास्त जोराने जळते, दाब चढतो, पुंगळी चेंबरला चिकटते. समोर वाघ किंवा रेडा असताना पुंगळी चिकटली तर पुढचा बार नाही. निमुळती पुंगळी पाचरीसारखी पटकन सुटते. मध्य प्रांतातल्या मे महिन्यात मचाणावर बसलेल्या माणसाला पन्नास फूट जास्त वेग नको होता, पुंगळी बाहेर यायला हवी होती. ते काडतूस कमी अकलेने बनवलं नव्हतं, दुसऱ्या हवेसाठी बनवलं होतं. आयडाहोच्या थंडीत त्याची तपासणी करून 'यात वाव आहे' म्हणणं म्हणजे कोकणातल्या घराचं उतरतं छप्पर बघून 'इथे गच्ची बसली असती' म्हणण्यासारखं. आणि तेच थ्री-हंड्रेड घेऊन रॉय वेदरबीने १९४४ साली अंग सरळ केलं, खांदा गोलसर केला आणि पुढे त्यावर कंपनी उभी केली. ते वेगवान आहे, यात वाद नाही. ते वेदरबीच्या हवेचं आहे.

दुसरी मौज अशी की हिंदुस्थानातही नवनवी काडतुसं जन्माला आली, पण वेगासाठी नव्हे, कायद्यापायी. लष्करी बंदुकीच्या मापाची काडतुसं बंडखोरांच्या हाती जातील या धास्तीने सरकारने १९०७ च्या सुमारास साहेबांच्या लाडक्या पॉइंट फोर-फिफ्टी बोअरवर बंदी आणली. लंडनचे बंदूकवाले कामाला लागले आणि फोर-सेव्हन्टी, फोर-सिक्स्टी-फाइव्ह, फोर-सेव्हन्टी-फाइव्ह अशी भावंडं भराभर बाजारात आली. ताकद तीच, आकडा तेवढा बंदीच्या बाहेरचा. आपल्याकडे परवान्यावर आजही दिसणारी थ्री-वन-फाइव्ह रायफल अशीच: लष्कराचं थ्री-ओ-थ्री सामान्यांना नको म्हणून जुन्या आठ मिलिमीटर मॅनलिशर काडतुसावरून बेतलेलं वेगळं काडतूस. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्येही हेच झालं, लष्करी माप नको म्हणून लोकांनी थ्री-ओ-थ्रीची मान आवळून पॉइंट टू-फाइव्ह केली. यातलं कुठलंच काडतूस आधीच्यापेक्षा 'भारी' होतं का, असं कुणी विचारलं नाही. कायद्याच्या बाहेर राहिलं, एवढं पुरे होतं. शेरास सव्वाशेर काढायची वेळ आली की माणूस कानस घेऊन बसतोच.

जिम कॉर्बेटची आवडती रायफल टू-सेव्हन्टी-फाइव्ह रिग्बी. नाव इंग्रजी, काडतूस मात्र जर्मन, १८९२ चं सेव्हन बाय फिफ्टी-सेव्हन माउझर. याच पुंगळीची मान आवळून नेड रॉबर्ट्स या अमेरिकन माणसाने आपलं रानमांजर बनवलं आणि रेमिंग्टनने ते १९३४ साली टू-फिफ्टी-सेव्हन रॉबर्ट्स म्हणून बाजारात आणलं. मला खरं रस आहे तो या प्रवासात. टू-टू-टू-फिफ्टी हे तीसेक वर्षं वाइल्डकॅट होतं. १९६५ मध्ये कारखान्यात आलं. ट्वेन्टी-फाइव्ह-ऑट-सिक्स १९६९ मध्ये. थर्टी-फाइव्ह व्हेलन १९२२ पासून कारागिरांच्या हाती फिरत होतं, ते १९८८ मध्ये. आणि भाच्याचं टू-एटी ॲक्ली इम्प्रूव्ह्ड नोझलर कंपनीने सामीच्या वहीत घातलं. म्हणजे तो ज्याला रानमांजर म्हणून मिरवत होता ते केव्हाच घरात येऊन दूध पितंय.

"मग फॅक्टरीचं भारी की वाइल्डकॅट, याला अर्थच काय?" मी म्हटलं. "आजचं फॅक्टरीचं म्हणजे कालचं वाइल्डकॅट. जे टिकलं ते आत आलं. उरलेली शेकडो कुठल्या तरी म्हाताऱ्याच्या गॅरेजमध्ये रीमरसकट गंजत असतील."

"आत कुणी आणलं? बाहेर बनवणाऱ्यांनीच ना?" तो म्हणाला.

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. चहा टाकायला उठलो.

चहाबरोबर त्याने हुकमाचा पत्ता काढला, आणि तो पत्ता खरंच हुकमाचा होता: सिक्स पीपीसी. लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल या दोघांनी १९७५ साली एका छोट्या रशियन काडतुसाच्या पुंगळीवरून बनवलेलं आखूड, जाडं काडतूस. बेंचरेस्ट म्हणजे रायफल टेबलावर टेकवून शंभर-दोनशे यार्डांवर एकाच भोकात पाच गोळ्या घालायचा खेळ, त्यात याने बाकीच्यांना घरी पाठवलं, आणि आज पन्नास वर्षांनीही तिथे त्याचंच राज्य आहे. वेग बेताचाच. पण दारू आखूड-जाड्या पोटात एकसारखी पेटते, बार मागून बार तोच राहतो. इथे वाइल्डकॅटने स्टँडर्डला हरवलं, यात शंका नाही.

तरी मला एक खोड काढायचीच होती. बेंचरेस्टवाला पीपीसीची एकेक पुंगळी वजन करून निवडतो, मानेची जाडी खरवडून सारखी करतो, चेंबर त्याच मानेच्या मापाला कापतो. कारखान्याचं काडतूस जगातल्या प्रत्येक चेंबरमध्ये बसायला हवं, म्हणून ते थोडं सैल असतं. चेंबर तपासायला गो आणि नो-गो गेज असतात, आमच्याकडे होते तसेच. गो बसला पाहिजे, नो-गो बसता कामा नये, या दोघांमधलं सगळं मान्य. हे जे 'मधलं सगळं' आहे, त्यात स्टँडर्डची सगळी उदारता आहे आणि सगळी ढिलाईही. वाइल्डकॅटवाल्याला उदारता नको असते. तो हाताने भरलेलं काडतूस दुकानातल्या डब्याशी लढवतो. हीच माया थ्री-ओ-एटवर केली असती तर तेही बरंच पुढे गेलं असतं.

आमच्याकडे राजापूरचे एक फिटर होते. दोन भाग असे कानस मारून बसवायचे की हवा जायची नाही. मशीन आमच्या शेडमध्ये चालायचं तेव्हा त्यांच्यासारखं काम दुसऱ्याचं नाही. पण तेच मशीन सुरतेला गेलं आणि तिथे एक भाग झिजला, की नुसता सुटा भाग पाठवून भागायचं नाही. बसायचाच नाही. भागाबरोबर फिटरकाकांना फ्लाइंग रानीत बसवून द्यावं लागायचं, पिशवीत कानस आणि डबा घेऊन. भाच्याचं प्रत्येक वाइल्डकॅट मला असंच वाटतं. उत्तम बसतं, फक्त बरोबर तो स्वतः लागतो.

आणि माझं? मी ज्या खेळात रमलो त्यात काडतुसाला हात लावायची सोयच नाही. पॉइंट टू-टू लाँग रायफल, १८८७ पासून तेच. टोपी वेगळी नसते, बुडाच्या कडेतच मसाला असतो, त्यामुळे रिकामी पुंगळी पुन्हा भरायचा प्रश्न नाही. स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं ते याच जातीच्या, कारखान्यातून आलेल्या काडतुसांनी. तिथे दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, नखाएवढं. आणि स्पर्धेची टू-टू काडतुसं मुद्दाम हळू असतात. सेकंदाला ३२०-३३० मीटर, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या जरा खाली, कारण आवाजाचा वेग ओलांडून पुन्हा त्याखाली येताना गोळी डगमगते. जगातले नेमबाज कारखान्यात जाऊन आपली रायफल शिकंज्यात आवळतात, एकेका लॉटची काडतुसं उडवून बघतात, आणि जो लॉट त्या नळीला मानवतो तो पेट्याच्या पेट्या उचलून आणतात. मशीन तेच, मसाला तोच, तारीख वेगळी, आणि नळी म्हणते हा नको, तो दे. कपाळाला हात लावावा असं आहे, पण असंच आहे.

वरळीला एका मित्राच्या रायफलीला मानवलेला लॉट संपला तेव्हा त्याने सुतक पाळल्यासारखं तोंड केलं होतं. मी त्याची चेष्टा केली होती. पुढच्या महिन्यात माझाही लॉट संपला.

हे सगळं भाच्याला सांगत होतो ते तलावपाळीवर, भेळ खाता खाता. तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही स्टँडर्डवालेही शेवटी आपल्या नळीला मानवेल ते एकच शोधत बसता. मग आमच्यात आणि तुमच्यात फरक काय?"

"आम्ही निवडतो. तुम्ही कापता."

"हो, पण हव्यास तोच."

भेळवाल्याने त्याला विचारलं, तिखट किती. तो म्हणाला, "मीडियम." मी म्हटलं, बघ, 'मीडियम' हे माप नव्हे. भेळवाल्याने आमच्या दोघांकडे बघून दोन चमचे घातले.

तो गेला. बटर पेपर अजून डायनिंग टेबलच्या काचेखाली आहे. बहीण येते तेव्हा त्यावर ताट ठेवते. गेल्या आठवड्यात रात्री त्याचा मेसेज आला. निशाण्याच्या रायफलीची नळी संपली, घसा पार जळलाय, नवीन नळी मागवायचीय, चेंबर कुठलं कापू? मी अर्धा तास बसून लिहिलं. थ्री-ओ-एट घे, नळी टिकेल, काडतूस कुठल्याही गावात मिळेल. अगदीच नवं हवं तर सिक्स-पॉइंट-फाइव्ह क्रीडमूर घे, २००७ पासून कारखान्याचं आहे, वारा बरा कापतं. दाब, घसा, खर्च, सगळं मुद्द्यांनी लिहिलं. शेवटी विचारलं, रीमर कुठला मागवतोयस?

त्याने उत्तरात मांजराचं चित्र पाठवलं.

मी ड्रॉवरमधून कोरा बटर पेपर काढून ठेवलाय. मापं पाठव म्हटलंय.